सारख्या अंतरावरचा प्रभार

मुलुंड, गुरुवार, सायंकाळ

संध्येस बसलो, पण चित्त लागले नाही. नात सई बारावीचे भौतिकशास्त्र घेऊन शेजारीच बसली होती. एका स्थिर धन विद्युतप्रभाराभोवती दुसरा धन प्रभार वळणाने नेला, तर त्यासाठी लागणारे कार्य किती, एवढाच प्रश्न. तिने मार्गाचे तुकडे पाडून दोन पाने भरली आणि कपाळावर हात मारला.

"वाट लागली, आजोबा! उत्तर शून्य. दोन्ही टोकं मधल्या प्रभारापासून सारख्याच अंतरावर आहेत. एका ओळीत झालं असतं!"

"एवढा फिरला, तरी काहीच नाही?"

"शेवटी जवळ गेलाच नाही ना तो! जवळ न्यायला जोर लागतो."

ती हसली, मला हसता आले नाही. ती दोन पाने... उद्या मंदिरात माझे प्रवचन. इतकी वर्षे ईश्वराविषयी बोललो. त्याच्याकडे तसूभर तरी सरकलो का? की भोवतीच फिरलो? मनाचा हा शीण त्या फिरण्याचाच असेल?

विश्वस्तांना दूरध्वनी करून सांगितले, उद्या दुसऱ्या कोणास बोलवा, मी श्रोत्यांत बसेन.

"अहो शास्त्रीबुवा, प्रकृती बरी नाही का?"

"प्रकृती ठीक आहे," मी म्हणालो. "ऐकायचे राहून गेले आहे."