क्वारंटाईनमधल्या सासूबाई

३ नोव्हेंबर, दुपार
आजपासून घरच्या कॉम्प्युटरची सुरक्षा माझ्याकडे. पडद्यावर लाल पाटी येऊन राहिली: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. महामायाने विचारलं, काऊन जी, हे लाल काय आहे? म्हटलं, कॉम्प्युटरचं असतं तसं थंडीच्या दिवसांत. पत्त्यांचा फुकट गेम काल मीच डाउनलोड केला, हे सांगायचं राहून गेलं. सांगेन, योग्य वेळी. ती एमएससीआयटी पास आहे. पण बायकोला विचारून नवऱ्याने कॉम्प्युटर दुरुस्त केला, असं शेगावात तरी मी ऐकलेलं नाही.

४ नोव्हेंबर
फ्री अँटीव्हायरस शोधले. एकाला भरपूर स्टार, दुसऱ्यावर ढालीचं चित्र. दोन्ही टाकले. मी कामाला आहे त्या लॉजच्या गेटवर आम्ही वॉचमन दोन ठेवतो. एक झोपला तर दुसरा.

५ नोव्हेंबर
एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिला दुसऱ्याला व्हायरस म्हणून राहिला अन् दुसरा पहिल्याला. कॉम्प्युटर गपकन बसला. ढालवाला ठेवला, दुसऱ्याला हाकललं. महामायाला सांगितलं, व्होल्टेज कमी आहे.

६ नोव्हेंबर
फुल स्कॅन केलं. गेम सापडला, काढला. पुरावा नष्ट. चला!
पण आणखी एक फाइल पकडली. नाव ‘आईचा आवाज’. खाली लिहून आलं, क्वारंटाईन केली.
पटकन पडदा बंद केला. ही फाइल म्हणजे साक्षात सासूबाई. सोजराबाई मागच्या साली गेल्या. कापूस वेचता वेचता बाबासाहेबांवर स्वतः जुळवलेलं गाणं म्हणायच्या. मेहुण्याने, संघपालने, ते मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलं, फोटो जोडले, अन् क्लिक केलं की आपोआप सुरू होईल अशी फाइल बनवून इथं टाकली. पुढे त्याचा मोबाईल विहिरीत पडला. आता जगात ही एकच.
२४ तारखेला पहिला स्मृतिदिन. महामायाच्या माहेराहून, वरवट बकालहून, सगळे आपल्याकडे येणार. बुद्धवंदना झाली की गाणं लावायचं ठरलंय.

७ नोव्हेंबर, सकाळ
उगाच घाबरलो. अरे, क्वारंटाईनचं मला कोण शिकवणार? कोरोनात आमचंच लॉज क्वारंटाईन सेंटर होतं अन् काउंटरवर मी! चौदा दिवस ठेवायचं, मग निगेटिव्ह आला की घरी. मधेच कोणाला सोडलं नाही, साहेबलोकांच्या चिठ्ठ्या आल्या तरी नाही. सासूबाई २० तारखेला ठणठणीत बाहेर येतील. नियम म्हणजे नियम.

११ नोव्हेंबर
महामाया म्हणाली, आईचं गाणं एकडाव लावून पाहू का जी? म्हटलं, आता नको, त्याच दिवशी ऐक, नाहीतर आतापासूनच रडशील. म्हणे, हाव, बरोबर आहे तुमचं. किती विचार करता जी माह्या! अन् आलं टाकून चहा दिला. मी नीच माणूस आहे. उद्या सांगतो.

१२ नोव्हेंबर
नाही सांगितलं. तिचं डोकं दुखत होतं. थोडंसंच, पण दुखत होतं.

१५ नोव्हेंबर
संघपालचा फोन. म्हणे, भाऊजी, फाइल ठीक आहे ना? म्हटलं, एकदम आरामात आहे. खोटं नव्हतं. तरी दिवसभर लॉजवर गिऱ्हाइकांना भलत्याच खोल्यांच्या चाव्या देत राहिलो. चोराच्या मनात चांदणं.

२० नोव्हेंबर
डिस्चार्ज! फाइलसमोर दोन बटणं होती, रिस्टोअर अन् क्लीन. रिस्टोअर म्हणजे पुन्हा स्टोअर रूममध्ये. म्हणजे परत आत! बरे फसवतात लोकांना. क्लीन दाबलं. सॅनिटाईज केल्याशिवाय आम्हीही कोणाला सोडत नव्हतो. यादी रिकामी झाली. सुटल्या सासूबाई. डोक्यावरचा धोंडा उतरला.

२१ नोव्हेंबर
फाइल अजून जागेवर आलेली नाही. येईल. नेट स्लो आहे.

२२ नोव्हेंबर
सगळे फोल्डर पाहिले. कचऱ्याचा डबा पाहिला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुपारी महामाया खुर्च्या सांगून आली अन् पांढऱ्या साडीला इस्त्री करत बसली. आईचंच गाणं गुणगुणत होती. सांगायला तोंड उघडलं अन् विचारलं, जेवायला काय आहे?

२४ नोव्हेंबर, सकाळ
हिंमत हरायची नाही. वंदना होता होता लाइट जाईल. जातेच.

२४ नोव्हेंबर, दिवेलागणी
लाइट गेली नाही.
वंदना झाली. सगळे कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले. महामाया स्वतः कॉम्प्युटरपुढे बसली. शोधत राहिली. शेवटी तिने माझ्याकडे पाहिलं, अन् मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. क्वारंटाईनचं, क्लीनचं. पत्त्यांच्या गेमचंही सांगून टाकलं, कोणी विचारलं नसताना. संघपालने डोक्याला हात लावला.
वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, रिस्टोअर म्हणजे वापस आणणं असते जी. मी घरातच होती. एक हाक मारली असती तं काय कमी झालं असतं तुमचं?
मग तिने स्वतःच गाणं म्हणायला घेतलं. भावाने साथ दिली. दोन कडवी झाली. तिसरं तिला आठवेना. संघपाललाही नाही. वरवटहून आलेल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणालाच येत नव्हतं. ते फक्त सासूबाईंना येत होतं. महामायाने पदर तोंडाला लावला अन् आत गेली.
पाहुणे खीर खाऊन गेले. मी अँटीव्हायरस काढून टाकायला बसलो. पडद्यावर आलं, आर यू शुअर? खाली दोन बटणं.
महामायाला हाक मारली. घरातच होती. आली नाही.