सी हातेम यांचं प्रूफ

स्फाक्स, ४ नोव्हेंबर

माफी. तीन आठवडे वही उघडली नाही. काम होतं हे खरं, पण पूर्ण खरं नाही. सी हातेम यांच्याबद्दल काय लिहावं तेच ठरत नव्हतं.

बावन्न वर्षांचे; 'सी' हे आमच्याकडचं 'श्री'. वर्तमानपत्रात पानं लावायचे. ते बंद पडलं. आता आमच्याकडे डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटच्या पानांचे साचे करतात. नोकरी पक्की होणार की नाही ते तीस तारखेला ठरेल. एक शब्द हलवला तरी सगळा प्रकल्प पुन्हा कंपाइल, म्हणजे यंत्राने सगळी पानं नव्याने बांधायची — चार मिनिटं. तोवर काय बदललं तेच ते विसरतात.

मला ते आदराने 'लल्ला', म्हणजे बाई, म्हणतात: "लल्ला वसीला, छापखान्यातसुद्धा प्रूफ यापेक्षा लवकर यायचं."

साहेब, सी मुन्सिफ, जाताजाता — "सी हातेम, पान आलं की झोप आली?"

६ नोव्हेंबर

सेटिंग बदलली. आता जे पान उघडाल तेवढाच साचा कंपाइल होतो, तिथल्या तिथे. दोन वर्षं मीच हे अडवलं होतं: पान कोणी उघडेपर्यंत त्यातली चूक लपून राहते. तत्त्व होतं, की नुसती भीती?

त्यांनी एका दिवसात सात पानं केली!

१४ नोव्हेंबर

सी हातेम यांनी घरच्या हरिसाची, तिखट मिरचीच्या वाटणाची, बाटली आणली. "बायकोने दिलीय. म्हणते, आता हा माणूस घरी येऊन भिंतीशी भांडत नाही."

रोज निघण्यापूर्वी ते एकूण एक पान उघडतात, कागदावर खूण करतात. मी सांगितलं नव्हतं. असा माणूस शेजारी बसतो — देवाचे आभार.

२६ नोव्हेंबर

उद्या साइट सुरू. त्यांचा कागद पूर्ण. निघता निघता केंद्रातून फोन आला. वेळ रद्द करायच्या पानावर एक शब्द बदलून दिला.

२७ नोव्हेंबर

रद्द करायचं पान उघडेना. रुग्ण फोनवर फोन करत होते. साइट चढवली होती सी हातेम यांनी.

"हेच का तुमचं तपासणं?" — सी मुन्सिफ, सगळ्यांसमोर.

"माझ्याकडून राहिलं," ते म्हणाले. दहा मिनिटांत दुरुस्त केलं. मला वाईट वाटलं. सी हातेम यांचा थोडा रागही आला, लपवत नाही.

२९ नोव्हेंबर

बदलांच्या नोंदी आज पाहिल्या. कागदावर त्या पानापुढे त्यांची खूण सव्वीसची, संध्याकाळी पाचची. पानातला शेवटचा बदल पाच पन्नासचा, नाव माझं. बदलून मी ते उघडलंच नव्हतं. सेटिंग फक्त आमच्या यंत्रांपुरती ठेवायचीही मीच विसरले. नाहीतर चढवताना सगळी पानं कंपाइल होऊन चूक तिथेच अडली असती. दुरुस्त करताना त्यांनी माझं नाव पाहिलंच असणार.

उद्या तीस: सी हातेम यांना नोकरीच्या निर्णयासाठी आत बोलावण्याआधी सी मुन्सिफना सांगणे — चूक माझी.