विहिरीच्या तळाशी

१२ डिसेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पाणी तपासणारा माणूस विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला होता. त्यात आपल्या ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट निघालं. दुकान तू इथून तिकडे हलवलंस त्याला नऊ वर्षं झाली. कपडे धुऊन उरलेला त्याचा गाळ आई विहिरीच्या कठड्याभोवती ओतायची, मुंग्या होऊ नयेत म्हणून. त्याने विचारल्यावर तिने अभिमानाने सांगितलं, की अजून एक मुंगी फिरकत नाही. तो बिचारा लिहायचा थांबला.

तुझी बायको बाळाला घेऊन महिनाभर येणार. त्याचं दूध याच पाण्यात कालवायचं. पाण्याला वास नाही, चव नाही. येऊ द्यावं की नको, तू सांग. आई रोज वाट बघते.

जीव लावतोस तसा लावत राहा.

तुझी ताई


२० डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा पाणीवाला नवशिका दिसतो. सॉल्व्हंट तळहातावर घेतलं तर फुंकर मारायच्या आत उडून जातं. आयुष्य गेलं माझं त्यात. नऊ वर्षं ठाण मांडायला ते काय घरजावई आहे? तरी मनाच्या समाधानासाठी पाणी उकळून घे. उडणारी वस्तू उकळल्यावर राहील कशी? तिकिटं काढली आहेत. आईला सांग, नातवाचं नाक तिच्यावर गेलंय, तक्रार तिने आरशाकडे करावी.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.

तुझा धाकटा


४ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं ऐकून पाणी उकळलं. थंडी, म्हणून खिडक्या लावून. आई दिवसभर गॅसपाशी, बाळ येईल तेव्हा साठा असावा म्हणून पातेल्यामागून पातेलं. चक्कर येऊन पडली. बीपी समजून गोळी दिली, तर उठून पुन्हा गॅसपाशी. तो पाणीवाला म्हणाला, उकळलं की सॉल्व्हंट पाण्यातून सुटून खोलीत भरतं, आधी दारं उघडा.

मग विहिरीत कसं राहिलं, मी विचारलं. म्हणे, वरचं थोडं उडतं, बाकीचं मुरतं. पाण्याहून जड, म्हणून खाली खाली जाऊन चिकणमातीवर बसतं आणि थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. उडतं म्हणावं तर बुडतं, बुडतं म्हणावं तर उडतं. माझं डोकं चालेनासं झालंय.

हे तिच्या मुंग्यांच्या औषधामुळे झालंय, असं आईला सांगितलेलं नाही. ती अजून उकळते आहे. आता अंगणात.

काय ते लवकर कळव, आणि आमची आठवण असू दे.

ताई


११ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तिकिटं परत केली. बायकोने विचारलं, इथल्या दुकानाचा गाळ कुठे जातो. म्हटलं, गाडी येते, डबे नेते. कुठे नेते, म्हणाली.

तू आईला घेऊन इकडेच ये. बाळाला प्रवास झेपत नाही, एवढंच तिला सांग. इथे विहीर नाही, नळ आहे. नळाला पाणी कुठून येतं, ते तुम्ही येईपर्यंत विचारून ठेवतो.

माया कमी करू नकोस.

धाकटा