जाळीवरचं फडकं

४ मार्च, गुरुवार

औषधांच्या गोदामातला कूलिंग युनिट ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. हाय प्रेशर. परवाच त्याच्या कंडेन्सरच्या पंख्याची मोटर मी बदलली होती आणि त्याच दिवशी काकांनी फिन्स (नळ्यांवरच्या पातळ पट्ट्या) धुतल्या होत्या. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. सगळी कंपनी त्यांना काका म्हणते. औषधं शेजारच्या थंड खोलीत हलवली म्हणून निभावलं.

रिपोर्ट दिला. कारण – फिन्स नीट धुतल्या गेल्या नाहीत. साहेब म्हणाले, "याला म्हणतात मुद्देसूद." मला आवडलं. लपवण्यात अर्थ नाही.

५ मार्च

साहेबांनी काकांना सांगितलं, "सोमवारपर्यंत घरी बसा. मग ठरवू." ठरवायचं काही उरलेलं नाही. काकांची नजर अधू झाल्यापासून साहेबांना निमित्त हवंच होतं. ते मी पुरवलं, टाइप करून.

काका "बरं" एवढंच म्हणाले.

६ मार्च

काकांचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. रागावले तर उत्तर देता येतं. रडले तर त्यासाठी माझ्या बॅगेत हत्यार नाही.

आई म्हणाली, "तू फ्रिजच दुरुस्त करत जा. माणसांना हात लावू नकोस."

७ मार्च, रविवार

युनिट अजून बंदच, म्हणून एकटी गोदामाच्या गच्चीवर गेले. फिन्स कशा धुवायच्या ते जगाला दाखवायचं होतं. तासभर धुतल्या. खाली आलेलं पाणी स्वच्छ! काकांनी माझ्यासाठी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

सुरू केला. वीस मिनिटांत परत ट्रिप.

अकरा रीडिंग्ज घेतली, तक्ता केला, रेघा मारल्या. सगळे आकडे एकच सांगत होते – उष्णता बाहेर पडत नाही. कंडेन्सरचं काम तेवढंच. खोलीतून उचललेली उष्णता घेऊन गरम गॅस नळ्यांत येतो, पंखा फिन्समधून हवा ओढतो, ती हवा उष्णता घेऊन जाते, गॅसचं द्रव होतं. हवा कमी पडली की गॅस तुंबतो आणि दाब चढतो. नव्या लोकांना हे मीच शिकवते. फळ्यावर, रंगीत बाण काढून.

पुन्हा सुरू केला आणि आकड्यांकडे बघत बसले. तेवढ्यात स्टोअरच्या बाई ओलं फडकं घेऊन गच्चीवर आल्या. पंख्याच्या जाळीवर वाळत टाकत म्हणाल्या, "मोटर बदललीत ते बरं झालं हो. आधी इथं टाकलेलं फडकं उडून पार फाटकापर्यंत जायचं. आता कसं गच्च चिकटून बसतं."

मी फडक्याकडे बघत राहिले. त्या जाळीतून हवा बाहेर यायला हवी. ती आत चालली होती.

मोटरच्या तीन वायरींपैकी दोन मी अदलाबदल करून जोडल्या होत्या. पंखा उलटा. उलटा पंखाही ऐटीत फिरतो, आवाजही तेवढाच करतो, फक्त हवा पुरेशी नेत नाही. माझ्या चेकलिस्टवर 'पंखा चालू' समोर बरोबरची खूण. सुबक. खिशात दोन थर्मामीटर होते. जाळीपुढे हात धरायचं सुचलं नाही.

वायरी बदलायला सात मिनिटं लागली. फडकं उडालं. बाई म्हणाल्या, "बिघडवलंत परत."

८ मार्च

दुसरा रिपोर्ट दिला. कारण – मी. (तिथे जरा लांबवून लिहिलंय.)

साहेब म्हणाले, "चाललंय ना आता? मग हे कशाला? या आठवड्यात तुमचं नोकरीचं कन्फर्मेशन आहे, मॅडम." म्हटलं, तरी घ्या, आणि काकांना बोलवा. त्यांनी दोनदा वाचला. कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं. काकांना फोन साहेबांनीच केला. माझं धाडस रिपोर्टपुरतंच.

९ मार्च

काका आले. माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि म्हणाले, "शनिवारी माझी पेटी आणायला गच्चीवर गेलो, तेव्हा युनिट चालू करून बघितला. जाळीपुढे हात धरला, तेव्हाच कळलं. साहेबांना सांगितलं असतं तर तुझं कन्फर्मेशन अडकलं असतं. म्हणून तुलाच फोन लावत होतो, पोरी."