हाडांचा चुरा

बुधवार, संध्याकाळ

गुलाबाजवळची माती आज उकरलेली नाही. तेच मनात टोचतंय.

ह्यांनी गुलाबांना आणि हिरवळीला हाडांचा चुरा घातला. जंगलाला लागून घर, शेणखत नसतं का चाललं? गवत गर्द झालं खरं, पण वासानं कॉलनीतले कुत्रे रोज माती उकरायला लागले, रात्री तिथंच झोपायला लागले. मी म्हटलं होतं, "कुत्र्याच्या मागं कोन येते, ठाऊक हाय ना तुमाले?"

हे हसले. "काऊन भेऊन राह्यली? बिबट का गवत पाहाले येईन?"

आज एकही कुत्रा नाही. दुपारी टाकलेली पोळी तशीच पडून. आणि ती माती, सपाट.

सासूबाई मात्र खूश. कुत्र्यांपायी त्यांचं पहाटेचं दवात अनवाणी चालणं बंद पडलं होतं. "बरं झालं, गेले. उद्या अंधारातच जातो मी फिराले."

बिबट्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "मले म्हातारीले कोन खाते वं?"

पुढच्या दाराला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या उशीखाली. मागच्या दाराला नुसती कडी आहे. आणि त्या माझ्या आधी उठतात.