पांढरी पिन

प्रिय ठमाबाई,

दोन दिवसांत तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा 'सहज केला' म्हणालो. तू वैतागलीस, म्हणालीस की बाबा, तुम्ही सहज फोन करणाऱ्यातले नाही. खरं आहे.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा कॉर्कबोर्ड आठवतो ना? आपल्या कॉर्कच्या कारखान्याच्या पहिल्या मालातला, कोपरा तुटला म्हणून गिऱ्हाइकानं परत पाठवलेला. तुझ्या आईनं त्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे 'घरात', उजवीकडे 'बाहेर' लिहिलं आणि प्रत्येकाला एकेक पिन दिली. तिची पांढरी, तुझी पिवळी, माझी लाल. यांची पिन 'बाहेर'कडेच गंजली, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. ती गेली त्या दुपारीही माझी पिन तिथंच होती, हे तू घर सोडताना मला ऐकवलंस. तिची पिन मीच 'बाहेर'कडे लावली होती. काढून टाकायला हात धजेना. कारखाना विकल्यापासून माझी मात्र 'घरात' असते.

सोमवारी भर दुपारी पेपर वाचत होतो. आतून आवाज आला. पिन कॉर्कमध्ये शिरताना बारीक कुरकुरते. तीस वर्षं त्याच आवाजावर माल पारखला, मला तो चुकायचा नाही. जाऊन पाहतो तर पांढरी पिन 'घरात'. आधीच्या जागी भोकसुद्धा नाही. कॉर्क भोक मिटवून टाकतो, याच गुणावर तर मी धंदा केला. पिन परत उजवीकडे लावली, दाराला कडी घातली. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी पांढरीला खेटून तुझी पिवळी, तू घर सोडल्यापासून 'बाहेर' असलेली. माझं धाबंच दणाणलं. तिला लेक जवळ हवी आहे असं वाटून तुला फोन लावत सुटलो. जेवलीस ना, रस्ता नीट ओलांड. काल तर बोर्डासमोर उभा राहून तिला म्हणालो, पोरीला सोड गं.

आज सकाळी चहा ठेवताना पुन्हा आवाज आला. वळेपर्यंत काम उरकलं होतं. तुम्हा दोघींच्या पिना जिथल्या तिथं, आणि लाल तेवढी 'बाहेर'. म्हणजे मी उलटं समजत होतो. ती तुला न्यायला आलीच नव्हती. पोरीला घरी बोलवा, तुमची निघायची वेळ झाली, एवढंच सांगत होती. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. लाल पिन मी हलवलेली नाही. राग असू दे, पण ये, या आठवड्यातच. त्या दुपारची माफी तुझ्यासमोर बसून मागायची आहे, पत्रात नको.

तुझाच, कान देऊन बसलेला,
बाबा