मावशी पाण्यात उतरली

क्रालेंडाईक, बोनेर बेट, कॅरिबियन

प्रिय आई,

आधी सांगते, मावशी ठणठणीत आहे, तेव्हा पुढचं वाचून रागावू नकोस.

पिकअपमध्ये पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या टाक्या टाकून आम्ही दोघी बेटभर फिरतोय. रस्त्याकडेला बुडी मारायच्या जागेची खूण असलेला पिवळा दगड दिसला की मी पाण्यात उतरते आणि ओफेलियामावशी गाडीपाशी बसून राहते. जन्मभर बुड्या मारणारे काका गेल्यापासून तिनं समुद्रात पाऊल टाकलं नव्हतं.

काल मात्र म्हणाली, "सुलाइका, परक्यांना बुडी मारायला शिकवतेस, मला कधी नेणार?"

तिच्या डॉक्टरांना विचारलं, कमरेएवढ्या पाण्यात तासभर सराव घेतला, मगच खाली नेलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात एक भलंमोठं कासव शेजारून संथपणे गेलं आणि तिनं माझा हात सोडून दिला.

वर आल्यावर तिनं आधी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं तुझ्या काकांना विचारत होते, खाली काय असतं? म्हणायचे, काही नाही गं, नुसतं पाणी." आणि हसता हसता रडायला लागली.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

आज मी उठायच्या आत तिनं गाडीत टाक्या चढवल्यात. माझ्या दोन आणि स्वतःच्याही दोन.

तुझीच,
सुलाइका